पहिलं नाव सरांचं

अमेरिकन अभ्यास म्हणजे नेमकं काय, हे मयुराच्या घरात कोणाला धड कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर विद्यापीठातही फारसं कोणाला कळलं नव्हतं. एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचा विभाग. तिथे इतिहास शिकवत, कादंबऱ्या शिकवत, काळ्या लोकांची गाणी ऐकवत, सिनेमे दाखवत आणि या सगळ्याची मिळून एक पदवी देत. इतिहासवाले म्हणत, ही साहित्याची मंडळी. इंग्रजीवाले म्हणत, ही इतिहासाची. एक ना धड भाराभर चिंध्या, असं मात्र दोघंही म्हणत. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं.

मयुराचा जीव त्या दोन खोल्यांवर जडला, त्याला कोण काय करणार? तिचे वडील ओमप्रकाश बोंद्रे कळमन्याच्या बाजारातले संत्र्यांचे अडते. काटोलकडचे शेतकरी माल आणायचे, ओमप्रकाश बोली लावून तो विकून द्यायचे आणि आपली अडत घ्यायचे. भाव का चढतो नि का पडतो, हे ऐकतच पोरगी मोठी झाली होती. म्हणून अमेरिकेच्या यादवी युद्धात इतरांना तोफा दिसल्या तिथे तिला कापसाचा भाव दिसला. तिकडे उत्तर-दक्षिण भिडले, तिकडचा कापूस अडला आणि इकडे हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपलं, भाव कोसळला. या सगळ्यात दोन्हीकडच्या कापूस वेचणाऱ्या बायांच्या हाती काय लागलं, हा तिचा विषय. त्यासाठी तिने तिकडच्या मळ्यांवरची पत्रं वाचली, गुलामांची गाणी पुन्हापुन्हा ऐकली, इकडची जुनी गॅझेटियरं पालथी घातली. चष्म्याचा नंबर वाढला, पण कामही असं झालं की वाचणाऱ्याने मान डोलवावी.

तिचे मार्गदर्शक डॉ. कानतोडे. माणूस गोड, इतका की अंगाला मुंग्या लागाव्यात. मयुराने पहिला मोठा लेख दाखवला तेव्हा म्हणाले, "बेटा, विभागाचं नाव काढलंस." त्या लेखात सरांची एक ओळ नव्हती. त्यांनी दोन स्वल्पविराम हलवले होते, तेही चुकीच्या जागी.

पुढे जे झालं त्याचा सगळा दोष सरांच्या माथी मारता येत नाही, हीच तर मेख आहे. सरांनी काही मागितलं नव्हतं. लेख एका चांगल्या नियतकालिकाकडे निघाला होता आणि मयुराने जेवताना सहज तो विषय काढला.

ओमप्रकाशांनी विचारलं, "सराचं नाव टाकलं का नाही?"

"खाली आभार मानले ना, बाबा."

"आभारानं काय होते वं? सराचं नाव वर टाक, पहिलं. तुह्यं मागून. आपल्या इथून माल दिल्लीले जाते, तं पेटीवर कोणाचं नाव राहते? व्यापाऱ्याचं. झाड कोणाचं, पाणी कोणी देल्लं, कोणी पुसते काय? मोठ्या नावावर माल उठते, अन् मोठा माणूसबी खुश राहते."

"पण काम मी केलं ना."

"मंग शेतकरी काम करत नाही काय?"

"अन् त्या शेतकऱ्याले काय भेटते, तेबी सांगा ना जी पोरीले," पोळ्या लाटता लाटता कौशल्याबाई म्हणाल्या. ओमप्रकाश हसले. बायकोचं बोलणं हसण्यावारी न्यायची त्यांना जुनी सवय होती.

मयुराने पहिलं नाव सरांचं घातलं. सर एकदाच म्हणाले, "अगं, कशाला?" दुसऱ्या लेखाच्या वेळी तेवढंही म्हणाले नाहीत. ओमप्रकाशांनी मात्र दोन्ही खेपेला सरांच्या घरी उत्तम मृगबहार संत्री पोचवली.

पीएच.डी. झाली आणि मयुरा तासिका तत्त्वावर राबू लागली. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. सुट्ट्या लागल्या की कमाई बंद. लग्नाची स्थळं विचारायची, "परमनंट आहे का?" आणि ती नाही म्हणायची. अशात शहरातल्या एका कॉलेजात इतिहासाची कायम जागा निघाली. अशी जागा पुन्हा कधी निघेल हे देवही सांगू शकला नसता. तिची पदवी चालणार होती, पण एका अटीवर: इतिहासातलं स्वतःचं संशोधन दाखवायचं. म्हणजे सारी भिस्त त्या दोन लेखांवर. आणि निवड समितीवर तज्ज्ञ म्हणून कोण? कानतोडे सर.

ओमप्रकाशांनी अर्ध्या बाजाराला सांगून टाकलं, "आपला घरचाच माणूस आत बसला हाये."

मुलाखतीला मयुरा आत गेली तेव्हा सरांनी मान हलवून ओळख दिली. तिचा जीव भांड्यात पडला. बाहेरगावहून आलेल्या इतिहासाच्या एक बाई प्रश्न विचारत होत्या. कडक बाई, पण तयारीच्या.

"पदवी तुमची अमेरिकन अभ्यासाची. इतिहासातलं काम कोणतं?"

मयुराने दोन्ही लेख पुढे केले.

"हे मी वाचलेत. सुरेख आहेत," बाई म्हणाल्या. "पण हे तर कानतोडे सरांचे. तुमचं नाव मागे आहे. यात तुमचं काय?"

सगळे सरांकडे पाहू लागले. एक वाक्य पुरलं असतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुढच्या महिन्यात त्यांच्या स्वतःच्या बढतीची मुलाखत होती आणि तीही याच दोन लेखांच्या जोरावर. मयुराला हे ठाऊक होतं. त्यांची फाइल तिनेच लावून दिली होती. मग सर बोलले.

"मयुरा मेहनती मुलगी आहे. संदर्भ जमवताना तिची मला फार मदत झाली."

मदत! मयुराच्या कानशिलांत रक्त चढलं. इतका संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

"सर, ते लेख मी लिहिले आहेत. दोन्ही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत."

सर बाईंकडे पाहून मंद हसले. "मुलं भावनिक होतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मयुराला विचारलं, "मग पहिलं नाव त्यांचं कोणी घातलं?"

"मी."

"त्यांनी सांगितलं म्हणून?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. पण ते तिच्या जिभेवर आलं नाही. "नाही," ती म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आम्ही काय समजायचं, सांगा?"

जागा दुसऱ्याला गेली. निकाल त्याच दुपारी तोंडी कळला.

घरी ओमप्रकाश बाजार लवकर आटोपून येऊन बसले होते. मयुराने चप्पल काढता काढताच सगळं सांगितलं. काही म्हणता काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "तुमच्या त्या सल्ल्यानं माह्या घात केला, बाबा."

तिला वाटलं, आता बाबा उसळतील. मापात पासंग दिसला तर काटेवाल्याच्या अंगावर धावून जाणारा हा माणूस. एका शेतकऱ्याच्या चार संत्र्यांसाठी भर बाजारात भांडलेला. आज तर त्यांच्या पोटच्या पोरीला लुबाडलं होतं.

ओमप्रकाशांचा चेहरा उतरला, पण तो भलत्याच गोष्टीने.

"तू सगळ्यायसमोर सराच्या तोंडावर असं बोलली?"

"खरं तेच बोलली."

"म्हणजे त्याइले खोटं पाडलं तू. आता दुसरी जागा निघन तवा तिथं कोण बसन? हेच बसतीन ना वं?"

टेबलावरचा मयुराचा फोन वाजू लागला. सरांचं नाव दिसत होतं. मयुराने हात पुढे केला, पण ओमप्रकाशांनी आधी उचलला आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले. फोनवरही ते मोठ्या माणसाशी बसून बोलत नसत.

"सर, पोरगी हाये जी. चुकलं तिचं. नाही, नाही, तुमी म्हणान तसं. तिले मी समजावतो. तुमचे उपकार हायेत आमच्यावर."

कौशल्याबाई दारातून म्हणाल्या, "फोन ठेवा जी. ठेवा म्हणते ना!" त्यांनी ऐकलं नाही. मयुरा भिंतीला टेकून उभी होती. बाप आपल्यासाठी घाबरलाय, हे तिला दिसत होतं, आणि म्हणून त्याच्यावर नीट चिडताही येत नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

ओमप्रकाशांनी फोन खाली ठेवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मोठं नुकसान टळल्यासारखे ते लेकीकडे पाहून हसले.

"माफ केलं वं सरनं तुले. काही मनात नाही म्हणे त्याइच्या. तिसरा लेख कवा देतं, इचारून राहिले होते."