पापनिवेदन पहिल्याच प्रकरणात

माझी धाकटी बहीण दातांची डॉक्टर आहे आणि गेली तीन वर्षे ती कादंबरीकार होण्याचा प्रयत्न करीत आहे. या दोन उद्योगांत फरक एवढाच, की दाताच्या बाबतीत कुठे थांबायचे ते तिला कळते.

तिच्या चर्चमध्ये एक वाचकमंडळ आहे. ते दरवर्षी एक आव्हान जाहीर करते: महिनाभरात पन्नास हजार शब्दांची कादंबरी पुरी करा. मंडळाच्या प्रमुख बाईंना सगळे संदेशकाकू म्हणतात, कारण प्रत्येक प्रकरणात एक ख्रिस्ती संदेश असलाच पाहिजे, हा नियम त्यांचा. लिहिलेले प्रकरण त्याच संध्याकाळी मंडळात वाचून दाखवायचे आणि एकदा वाचलेले मागे घ्यायचे नाही, हा दुसरा नियमही त्यांचाच.

चर्चच्या इतिहासाचे अध्यापन करण्यात माझी उभी हयात गेली, तेव्हा या नियमांविषयीचे माझे मत मी शांतपणे सांगते. संदेश ही कडू गोळी आणि कादंबरी म्हणजे ती गिळण्यापुरते घोटभर पाणी, अशी या मंडळींची प्रामाणिक समजूत आहे. ज्या धर्माच्या संस्थापकाने आयुष्यभर गोष्टी सांगितल्या आणि त्यांचा अर्थ सांगण्याची वेळ आली की बहुधा विषय बदलला, त्या धर्माच्या अनुयायांनी प्रत्येक गोष्टीच्या शेपटीला अर्थाचा डबा बांधून तिला गल्लीभर पळवावे, याला माझ्याकडे एक शब्द आहे. तो मी वापरीत नाही. आम्हांला घरात तसे वळण नव्हते.

पहिल्या वर्षी धाकटीची नायिका लिफ्टमध्ये अडकली. ती अद्याप तिथेच आहे. दुसऱ्या वर्षीचा नायक गुडघे टेकून प्रार्थनेला बसला तो उठलाच नाही. यंदा मात्र तिने मला आधीच बजावले होते.

"ताई, या वेळी पुरी झाली नाही ना, तर संपलं. पुन्हा एक ओळ लिहिणार नाही. खरंच सांगते. आणि हसू नकोस."

"मी हसत नाहीये."

"तू आतून हसतेस. ते जास्त ऐकू येतं."

ती खरेच सांगत होती. लहानपणापासून ती रागावली की आदळआपट करते आणि खरे बोलायचे असले की नखे कुरतडते. त्या दिवशी ती नखे कुरतडत होती. दातांच्या डॉक्टरने हे करू नये, पण ते असो.

कादंबरी रहस्यकथा होती. एका खेड्यातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा म्हातारा मरून पडतो. खून बेकरीवाल्याने केलेला असतो, कारण म्हातारा दर रविवारी त्याच्या बायकोच्या आवडीचे गीत मुद्दाम चुकीच्या पट्टीत वाजवतो. हे कारण मला मुळीच अपुरे वाटले नाही. शहरातून एक डिटेक्टिव्ह कुत्र्यासह येतो आणि बिचाऱ्या माळ्याला पकडतो. इथवर ठीक. परंतु पहिल्या प्रकरणात संदेश कुठून आणायचा, हा प्रश्न पडल्यावर धाकटीने बेकरीवाल्याला थेट फादरसमोर पापनिवेदनाला बसवले. त्याने रडून रडून खुनाची कबुली दिली, फादरनी पापक्षमा दिली आणि मंडळाने टाळ्या वाजवल्या. एका रहस्यकथेचे रहस्य पहिल्याच प्रकरणात, ज्या एकमेव माणसाला धर्मनियमाने जन्मात तोंड उघडता येणार नाही त्याच्या कानात, कुलूपबंद झाले. आणि हे त्या खोलीत कोणाच्याही लक्षात आले नाही. तिथे सगळे नियमाने चर्चला जाणारे होते.

आव्हानाच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "ताई, दवाखान्यात ये. घोडं अडलंय. संध्याकाळपर्यंत पाठवायचीय."

मी पोचले तेव्हा ती रुग्णाच्या खुर्चीत स्वतःच आडवी पडून छताकडे बघत होती. तोंडावरचा दिवा चालू होता.

"खून कोणी केला, हे कोणाकोणाला माहीत आहे?" मी विचारले.

"फादरना."

"आणि?"

"बेकरीवाल्याला."

"मग त्यालाच पोलिसांकडे पाठव."

ती कुशीवर वळली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तो मेला."

"कधी?"

"सातव्या प्रकरणात. अगं, पश्चात्ताप इतका छान चालला होता! काकूंचे डोळे भरून आले. मग म्हटलं, आता याला मारूनच टाकावं."

मी कपाळाला हात लावला नाही. मी फक्त चष्मा पुसला. माझ्या विद्यार्थ्यांना या दोन्हींत काही फरक नसतो हे ठाऊक आहे.

"आता फादर बोलू शकतात ना? माणूस तर गेला."

"पापनिवेदनाचं गुपित मरणानंतरही सुटत नाही."

"बरं, बोलायचं नाही. नुसती खूण केली तर? डिटेक्टिव्हच्या टेबलावर एक पाव ठेवला तर?"

"पाव हीसुद्धा साक्षच."

"खोकले तर?"

"कसे?"

"म्हणजे... अर्थपूर्ण. डिटेक्टिव्ह बेकरीचं नाव घेतो आणि फादर खोकतात."

"चर्चच्या कायद्यात अर्थपूर्ण खोकला शब्दाइतकाच मोठा गुन्हा आहे."

ती उठून बसली. "मग मी बेकरीवाल्याला परत जिवंत करते."

"अजिबात नाही."

"का? येशूनं लाजराला मेल्यावर उठवलं होतं की!"

"लाजराने ऑर्गनवाल्याला मारलं नव्हतं."

"तू माझ्या बाजूने आहेस का कायद्याच्या?"

उत्तर देण्याऐवजी मी पिशवीतून कागद काढले. सातव्या प्रकरणाची बातमी मला फोनवर कळली नसली, तरी पहिल्या प्रकरणाची कळली होती, आणि पुढे काय होणार हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. मी तिच्यासाठी शेवटचे प्रकरण लिहूनच आणले होते. त्यात धर्मप्रांताचे बिशप फादरना पत्र लिहून पापनिवेदनाच्या गुप्ततेचा इतिहास सांगतात, तिच्यावरचे आक्षेप एकेक करून खोडून काढतात आणि अखेरीस निर्दोष माणसाच्या दुःखाचा अर्थ विशद करतात. उरलेले शब्द त्यात नेमके भरत होते. तळटीपा धरून.

एवढ्यात फादर आले. हे कादंबरीतले नव्हेत. आमच्या चर्चचे, खरे, धिप्पाड, आणि सुईला लहान मुलासारखे घाबरणारे. त्यांची दाढ भरायची होती. धाकटीने त्यांना खुर्चीत घेतले, इंजेक्शन दिले (फादरनी माझा हात असा धरला की मला अजून एका बोटात अंगठी घालता येत नाही), तोंडात कापूस कोंबला आणि जबडा बधिर होईस्तोवर माझे कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

वाचन चर्चच्या पहिल्या धर्मपरिषदेच्या उल्लेखापर्यंत आले तेव्हा ती थांबली.

"ताई, हे प्रवचन आहे."

"हे विवेचन आहे."

"यात संदेश आहे."

"यात युक्तिवाद आहे. संदेश आणि युक्तिवाद यांत..."

"फादर झोपले."

मी पाहिले. क्षणापूर्वी भीतीने घामाघूम झालेला तो माणूस, जबडा पूर्ण उघडा, डोक्यावर झगझगता दिवा, आणि संथ लयीत घोरत होता.

"त्यांना प्रवचनांची सवय असते," मी म्हणाले.

"सांगायची. ऐकायची नव्हे." तिने माझे कागद परत दिले. काकूंच्या नियमाविषयी मी वर जे लिहिले आहे, त्यातले एकही अक्षर मागे घेण्याची मला गरज वाटत नाही. कागद मात्र मी घडी घालून पिशवीत अगदी तळाशी ठेवले.

तिने फादरच्या गालावर टिचकी मारली. "फादर, उठा. झोंबतंय का? नाही? छान. आता एक सांगा. समजा, एक निर्दोष माणूस तुरुंगात आहे. खरं कोणी केलं, ते तुम्हाला माहीत आहे. पण सांगता येत नाही. तर तुम्ही काय कराल?"

"त्यांना बोलता येत नाहीये," मी म्हणाले.

"तेच तर विचारतेय!"

फादरनी खुर्चीच्या हातावरची मूठ सोडली. मग छातीवर बोट ठेवून स्वतःकडे खूण केली. दोन बोटे पोटावरच्या प्लास्टिकच्या एप्रनवरून चालवत चालवत गुडघ्यापर्यंत नेली. तिथे हाताची पाचही बोटे गजांसारखी उभी केली, आणि दुसरा हात त्या गजांजवळ नुसता ठेवून दिला.

"भेटायला जाल?" धाकटीने विचारले. "एवढंच?"

फादरनी मान हलवली. एवढंच.

"हे चालतं का गं?" तिने मला विचारले.

"कैद्यांना भेटायला जाणं हे फादरचं कामच आहे. त्यासाठी कोणाचं गुपित ठाऊक असावं लागत नाही."

"पण मग माळी सुटत नाही, ताई."

"नाही."

"मला तो आवडतो. मी त्याला नीट बोलूसुद्धा दिलं नाहीये. सगळी कादंबरीभर नुसता 'मी नाही केलं, साहेब' म्हणतोय."

"माहीत आहे."

"मंडळ मला फाडून खाईल."

"नक्की."

ती नखे कुरतडू लागली, तिच्या लक्षात आले, हातमोज्याचा तुकडा थुंकून टाकला, आणि कोपऱ्यात जिथे एक्स-रे दिसतात त्या संगणकापुढे जाऊन बसली. "ताई, ती नळी धर. त्यांची लाळ ओढत राहा. तोंड बंद करू देऊ नकोस."

अशा रीतीने चर्चच्या इतिहासाच्या एका मान्यवर विदुषीने दुपारपर्यंतचा वेळ एका धर्मगुरूच्या तोंडात नळी धरून काढला.

धाकटी लिहिता लिहिता मोठ्याने बोलत होती. कादंबरीतले फादर दर बुधवारी तुरुंगात जात होते आणि गजांबाहेर स्टुलावर बसत होते. आणि माळी, ज्याला एवढ्या पानांत कोणी तोंड उघडू दिले नव्हते, तो आता बोलतच सुटला. "फादर, तुम्ही येता आणि मुक्यासारखे बसता," तो म्हणाला, "निदान बिस्किटं तरी आणत जा." मग बिस्किटे आली. मग त्याने गुलाबाची छाटणी कशी करू नये ते सांगितले. मग स्वतःची खरी पापे: बिशपांच्या बंगल्यातली कलमे आपण चोरली होती, ऑर्गनवाल्याच्या कुंडीत मुद्दाम तण लावले होते, मोठ्या मिस्साच्या उपासनेच्या वेळी प्रवचन सुरू झाले की आपण नळ तपासायला म्हणून बाहेर जायचो आणि बागेत मस्त झोपायचो. खुर्चीतले फादर गदागदा हसू लागले. नळीतून भयंकर आवाज आला.

"हलू नका," मी म्हणाले.

"डिटेक्टिव्हचं काय करू?" तिने मान न वळवता विचारले.

"त्याला कळतं का?"

"नाही."

"मग त्याला घरी पाठव."

"कुत्र्याला कळलंय. त्याला बेकरीपाशी वास आला."

"कुत्र्याला गुपिताचा नियम लागू नाही."

"पण त्यालाही बोलता येत नाही ना," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मला वाटले, की माझी बहीण लेखिका आहे.

शब्दांचा आकडा पन्नास हजारांच्या पुढे गेला तरी माळी बोलतच होता. तिने त्याला मध्येच तोडले, खाली 'समाप्त' लिहिले आणि काही विचार करायच्या आत कादंबरी पाठवून दिली. मग दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसून राहिली.

संदेशकाकूंना वाचायला फार वेळ लागला नाही. त्यांनी शेवटापासून वाचले असावे. फोन आला. काकूंचा आवाज माझ्यापर्यंत सहज पोचत होता.

"अगं, माळी सुटलाच नाही!"

"नाही, काकू."

"म्हणजे अजून संपली नाही ही! आणि या प्रकरणात संदेश कुठाय?"

धाकटीने माझ्याकडे पाहिले. माझ्यापाशी किमान चार उत्तरे होती, तळटीपांसह. मी तोंड उघडले. तिने बोट ओठांवर ठेवले.

"संपली, काकू."

"पण तो आतच आहे ना!"

"हो. आणि फादर बुधवारी परत जाणार आहेत," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

खुर्चीतल्या फादरनी हळूच एक बोट वर केले. इंजेक्शन केव्हाच उतरले होते. धाकटीने नवे हातमोजे चढवले, डोळे बाहीला पुसले आणि दुसरी सुई भरली.