मेंढ्यांच्या चालीचे गुण

थोरल्या जावेला धाकटीचं काही म्हणता काही बघवत नसे. घरी सासूची लाडकी तीच, आणि प्रयोगशाळेत साहेबांचीही तीच! एका घरात नांदायचं ते नांदायचं, वर नोकरीही एकाच छपराखाली. भोग म्हणतात ते हेच.

गुडघ्याची झीज भरून यावी म्हणून दोघींनी एकेक औषध बनवलं होतं. प्रयोगाच्या लंगड्या मेंढ्यांपैकी निम्म्यांना थोरलीचं टोचलं, निम्म्यांना धाकटीचं. ज्या मेंढ्या बऱ्या चालतील त्यांचं औषध पुढे माणसांवर जाणार, दुसरं कायमचं बाद. थोरलीची उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली होती. कुठल्या मेंढीला काय टोचलंय हे एकट्या साहेबांना ठाऊक, म्हणून चालीला गुण द्यायचं काम त्यांनी बिनधास्त थोरलीकडे दिलं. तिची नजर करडी.

गुण द्यायच्या दिवशी धाकटी कुंपणापाशी आली मात्र, काही मेंढ्या उड्या मारत तिच्याकडे धावल्या. बाकीच्या लंगडत मागे राहिल्या.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘या हिच्याच! साहेबांकडून गोडीगुलाबीने काढून घेतलं असणार, आणि आपल्या तेवढ्यांना चारून लाडावून ठेवलंय.’ धावणाऱ्यांना तिने दहापैकी तीन दिले, लंगड्यांना आठ. काळजाला कसं गार वाटलं.

आठवड्याने साहेबांनी गोठ्यातच निकाल सांगितला. धाकटीचं औषध जिंकलं होतं. तेवढ्यात त्यांच्या हातातला चारा बघून एक मेंढी धावत आली.

“अहो, ही तर तुमच्या औषधाची,” साहेब थोरलीला म्हणाले. “हिला तीनच गुण? कुठे लंगडतेय ही?”

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. धावणाऱ्या सगळ्या तिच्याच होत्या.

“साहेब, त्या दिवशी ताईंना ताप होता,” धाकटी पटकन म्हणाली. “दुसऱ्या कुणाकडून पुन्हा गुण घ्या. माझं हरलं तरी चालेल.”

कसला ताप नि कसलं काय! दोघींनाही ते ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर थोरलीने तिचा दंड धरला. “का गं केलंस असं?”

“आईंना जिना चढवत नाही हो, ताई. कुणाच्या का औषधाने होईना, त्यांचा गुडघा बरा होऊ दे.”

पुन्हा गुण दिले गेले. थोरलीचं औषध जिंकलं. आणि धाकटीचा एवढा राग तिला जन्मात कधी आला नव्हता.