काळा रस्सा, दुसरी बाजू

नणंद माझ्याकडे येऊन सदतीस दिवस झाले होते आणि माझ्या हातचं एक ताट तिने पुरतं संपवलं नव्हतं. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून बाईसाहेब माझ्या उरावर. जन्मभर शाळेत मुख्याध्यापिका होती, त्यामुळे पाठीमागे तिला सगळे हेडबाई म्हणतात. दोन घास खायची आणि ताट अर्धी वीत पुढे सरकवायची, नापास केल्यासारखं.

डॉक्टरांनी माझ्यादेखत तिला बजावलं, "असंच वजन उतरत राहिलं तर भरती करून नळीने अन्न द्यावं लागेल." आता हिशोब सोपा होता. खाल्लं नाही तर ताकद नाही, ताकद नाही तर जिने चढणं नाही, आणि जिने चढली नाही तर माझ्या घरातून हलणं नाही. मला ती मेलेली नको होती. मला ती तिच्या घरी हवी होती.

"दादाचा काळा रस्सा असता तर जेवले असते," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

दादा म्हणजे आमचे हे. जाऊन दोन वर्षं झाली. वजनकाटे तपासायची सरकारी नोकरी, सदा दौऱ्यावर. दौऱ्यावरून माणूस घरी काहीतरी आणतो, निदान डझनभर केळी आणतो. हे प्रत्येक मुलखातून एक रस्सा शिकून यायचे आणि एक रेकॉर्ड घेऊन यायचे. खाडीकाठचं आंबट कालवण, माळावरचा तिखटजाळ, डोंगरातल्या खानावळीतला काळा. जिथला रस्सा तिथलीच रेकॉर्ड लावून शिजवायचा आणि वेळसुद्धा तिच्यावरच मोजायची, असा ह्यांचा नेम. वहीत मिनिटं नाहीतच. 'कांदा जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आच. दुसरी बाजू लावावी. बाजू संपेपर्यंत झाकण काढू नये.' चाळीस वर्षं हे चाललं. सोमवार ते शनिवार मी रांधायची, रविवारी हे रांधायचे, आणि कौतुक रविवारचं. रविवारची भांडी मात्र माझी.

एकतीस वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी दहा माणसं जेवायला होती. काळा रस्सा तेव्हा नावालाच काळा, खरं तर तपकिरी, पण तोंडावर कोण बोलणार? कुणीतरी म्हणालं, वहिनींची चैन आहे. हे हसत म्हणाले, "अहो, हिच्या हाताला चव नाही, म्हणून तर मला शिकावं लागलं." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने हेडबाई हसली.

दुपारी मंडळी लवंडल्यावर मी केसांतला आकडा काढला आणि काळ्या रश्शाच्या रेकॉर्डवर, दुसऱ्या बाजूला, चांगला दाबून ओरखडा ओढला. पश्चात्ताप तेव्हा झाला नाही आणि नंतरही झाला नाही.

पुढच्या रविवारी गाणारी बाई अर्ध्या तानेत अडकली. ह्यांनी रेकॉर्ड खिडकीपाशी नेऊन बराच वेळ निरखली. मग म्हणाले, "धाकटीने हाताळली होती ना त्या दिवशी?"

मी "हो" म्हटलं.

तेवढ्यावर हेडबाईला रेकॉर्डच्या कपाटाला हात लावायची बंदी झाली. भावाइतकंच तिलाही गाण्याचं वेड. पण त्यानंतर ती आली की हात मांडीत घेऊन बसायची, वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी. मला ते बघून गार वाटायचं. ह्यांनी ती रेकॉर्ड टाकली नाही की बदलली नाही. सुई अडकली की तशीच अडकू द्यायचे आणि खुशाल अंघोळीला जायचे. पंधरा मिनिटं घरभर ती बाई तेच अर्धं केकाटायची. मला वाटायचं, हे मलाच छळायला चाललंय.

तर आता हेडबाईला तो रस्सा हवा होता आणि त्यासाठी ती रेकॉर्ड. मी सांगून टाकलं, फुटली. खरं तर ती माळ्यावर जुन्या चादरीत होती. हेडबाई हार मानणारी नाही. तिने दुकानात फोन करून त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत मागवली, कोरी करकरीत. वही उघडून खुर्चीत बसली आणि मला ओट्यापाशी उभं केलं. बाजू वाजली, संपली, मी झाकण काढलं. कांदा तपकिरी. रस्सा झाला तो पांचट. तिने एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"दादा खोटं बोलत नव्हता, वहिनी. तुमच्या हाताला खरंच चव नाही."

पातेलं तिच्या डोक्यात घालावंसं वाटलं. पण तो तपकिरी कांदा बघतानाच माझ्या लक्षात आलं होतं काय चुकलं ते. ह्यांची अंघोळ राहिली होती.

गप्प बसले असते तर एकतीस वर्षांची अब्रू शाबूत राहिली असती. पण तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत वर जात होती, तेही मला दिसत होतं. आणि हाताला चव नाही हे मी दुसऱ्यांदा ऐकून घेणार नव्हते. मी शिडी लावली, रेकॉर्ड खाली काढली, नवा कांदा चढवला.

"फुटली होती ना?" ती म्हणाली.

"हो. जुळली."

पाकीट तिच्या मांडीवर टाकून मी सुई ठेवली. ठरल्या जागी बाई अडकली. हेडबाईचा हात सवयीने पुढे गेला आणि सवयीनेच मागे आला.

"अडकू द्या," मी म्हटलं. "पंधरा मिनिटं. तुमच्या दादाची अंघोळ होईस्तोवर. आणि तो ओरखडा माझा आहे. तुम्ही हसलात त्या दिवशीचा."

ती माझ्याकडे वळली. "आणि त्याने विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

"म्हणाले."

"नीच आहात तुम्ही."

"आहे. पण कांद्यावरचं झाकण काढू नका."

मान फिरवायची म्हणून तिने पाकीट उलटसुलट केलं. आतल्या कागदी पिशवीवर ह्यांचं बारीक अक्षर होतं. शाळेत सूचना वाचावी तशा खणखणीत आवाजात तिने वाचलं, "'सुई अडकल्यावर अंघोळ उरकावी, मग पुढे ढकलावी. कांदा आता खरा काळा होतो, पूर्वी कमी पडत असे. ओरखडा हिचा, आकड्याचा. हिच्यापाशी बोलू नये, घरात राहायचे आहे. धाकटीवर घातले आहे. ती सोसेल.'"

शेवटचे दोन शब्द तिने पुन्हा वाचले, या वेळी अगदी हळू. गाणारी बाई तिकडे केकाटतच होती.

"भित्रा," हेडबाई म्हणाली. "माझा दादा भित्रा होता."

"आणि चोर. एकोणतीस वर्षं, मरेपर्यंत, माझ्या ओरखड्यावर टाळ्या घेतल्या."

मला इतका संताप आला होता की रडू यायला लागलं. तो मेलेला माणूस समोर असता तर आम्ही दोघींनी त्याला अंघोळीतून ओढून बाहेर काढला असता. हेडबाई काठी घेऊन उठली, रेकॉर्डपाशी गेली आणि न विचारता, एका बोटाने सुई पुढे ढकलली. बाजू संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.

रस्सा काळाकुट्ट झाला. ती खाली मान घालून खात होती.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही, वहिनी."

"माफी मागितलीय कुणी?"

तिने वाटी अर्धी वीत पुढे सरकवली. मी तोंड उघडलं, मग वाटीत बघितलं. रिकामी होती.

"वाढा," ती म्हणाली. "मीठ कमी आहे."