पिवळा मका आणि मी

मित्रांनो, जगातलं प्रत्येक पान ज्याच्या जिवावर हिरवं होतं, असा मी एक जुना, थोर आणि दानशूर आत्मा आहे. म्हणजे शेणखताचा गोळा आहे. त्यातही जुना म्हणालो ते खरं नाही. मी पुरेसा जुना नव्हतो, तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

माझा जन्म एका म्हाताऱ्या गाईच्या पोटी झाला. घरात तिला सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. तिचे गुडघे सोलवटले होते, म्हणून घरातली थोरली सून तिच्याखाली हाताला येईल तेवढा पेंढा अंथरायची. गोठ्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्यात शेण कमी आणि गादी जास्त होती. उकिरड्यावर आणखी मुरलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण पेरणी तोंडावर आली आणि थोरलीनं आम्हाला फावड्यानं उकरून शेतात पसरलं.

घाईचं कारण होता तिचा धाकटा दीर. त्याला मोठ्या बाई विकायच्या होत्या.

"वहिनी, दूध नाही, वासरू नाही. नुसती खाते."

"शेण देते की, भाऊजी."

"शेण! मी कोंबडीखत आणतो. मग बघा मका कसा उठतो ते."

"आणा. अर्ध्या शेतात तुमच्या कोंबड्या, अर्ध्यात माझी गाय. माझा मका मागे पडला तर खुशाल दलालाला बोलवा."

थोरलीचा नवरा जेवत होता. दोघांनी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "जरा मीठ द्या."

अशा रीतीनं माझ्या आईचा जीव माझ्यावर येऊन पडला, आणि मला मातीत गाडण्यात आलं.

जमिनीखाली काळोख असतो, हे मी ऐकून होतो. त्या काळोखाला तोंडं असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव माझ्यातल्या पेंढ्यावर तुटून पडले. पेंढ्यात खायला भरपूर, पण नत्र जवळजवळ नाही. आणि नत्राशिवाय त्यांची वाढ होत नाही. मग त्यांनी ते शेजारच्या मातीतून ओढून घेतलं. म्हणजे मक्याच्या तोंडचंच. मी द्यायला आलो होतो आणि माझ्या नावावर लूट चालली होती. माझ्यातलं पालाश, म्हणजे पोटॅश, तेवढं पाण्याबरोबर लगेच सुटलं. पण एकट्या पालाशानं पान हिरवं होत नाही.

आमचा मका पिवळा पडला. पलीकडे कोंबडीखत पहिल्या ओलाव्यालाच भडाभडा विरघळलं आणि तिकडचा मका तरारला. धाकटा कुंपणाशी येऊन म्हणाला, "वहिनी, तुमच्या मक्याला कावीळ झालीय. दलालाला निरोप धाडलाय मी."

आमचा कोपरा गोठ्याला लागूनच. मोठ्या बाईंचा खोकला मला ऐकू यायचा. रस्त्यावर गाडी वाजली की मी गारठायचो. आला दलाल! ती निघून जायची, की दुसरी वाजायची.

एकदा थोरलीनं मला उकरून काढलं आणि बोटांनी फोडलं. आत पेंढा, जवळजवळ तसाच. "माझ्याच हातानं घातलाय गं बाई," ती पुटपुटली. मला वाटलं, आता भिरकावणार. तिनं मला परत मातीत दाबलं आणि वरची माती हातानं थापटली.

मग पेंढा संपत आला. खाणारे उपाशी मरू लागले. ते मेले की त्यांच्या अंगातलं नत्र सुटायचं आणि थेट मुळांना मिळायचं. मित्रांनो, इतका भयाण प्रकार मी पाहिला नव्हता, आणि इतका उपयोगीही. आमची पानं हळूहळू हिरवी झाली. तिकडे कणसं भरायच्या वेळी कोंबडीखताचा जोर ओसरला. बरंचसं पाण्याबरोबर कधीच वाहून गेलं होतं. धाकट्याच्या मक्याची खालची पानं फिकी पडली. तो कुंपणाकडे यायचा बंद झाला.

तरी दलाल आलाच. निरोप परत घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी चिमूटभर उरलो होतो. जेवढा होतो तेवढा थरथरलो.

थोरली गोठ्याच्या दारात उभी राहिली. "मका बघा आधी, भाऊजी."

"बघितलाय." धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला. "रोज बघतो. लांबून."

तेवढ्यात दलालानं मोठ्या बाईंचं तोंड उघडून आत पाहिलं. "हिला दातच राहिले नाहीत. फुकट दिलीत तरी नेणार नाही," असं म्हणून तो गेला. मी ज्यासाठी सर्वस्व दिलं, ते त्या तोंडात आधीच ठरलेलं होतं.

तेव्हा मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत, पण विनंती आहे. आम्हाला घाईनं गाडू नका. नीट मुरू द्या, आणि गाईखाली पेंढा बेतानं घाला.

त्या संध्याकाळी मोठ्या बाईंखाली पेंढा धाकट्यानं घातला. थोरलीपेक्षा जास्त घातला.