धाकट्याचा ओळंबा

मिस्त्रींना भिंत बांधताना ती सरळ उभी आहे का हे पाहायला ओळंबा लागत नाही, हे गावभर माहीत होतं, कारण ते स्वतःच गावभर सांगत. डावा डोळा मिटायचा, उजव्यानं भिंतीकडे पाहायचं, की झालं. "देवानं डोळा दिलाय, दोरीचं काय काम?" असं ते म्हणत आणि हाताखालची माणसं माना डोलवत. न डोलवून सांगतात कुणाला!

एकानंच डोलवली नव्हती, त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावानं. नऊ वर्षांपूर्वी चर्चची समोरची भिंत वर चढत असताना तो म्हणाला होता, "दादा, ही वरून आत झुकतेय." चारचौघांत म्हणाला, एवढंच त्याचं चुकलं. मिस्त्रींनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. तेव्हापासून मिस्त्री पहिल्या बाकावर बसत, धाकटा शेवटच्या, आणि बोलणं बंद. दोन्ही घरांत निरोप पोचवून मिस्त्रींची बायको थकून गेली होती.

त्या शनिवारी चर्चच्या पाळकांनी मिस्त्रींकडे ओळंबा मागितला. देव भिंतीपाशी ओळंबा धरून उभा आहे आणि माजलेल्या राष्ट्राला पारखतो आहे, असं बायबलातल्या एका संदेष्ट्यानं दृष्टांतात पाहिलं होतं. ते त्यांना उपदेशात दाखवायचं होतं. आता नाही कसं म्हणणार? मिस्त्रींनी माळा उपसला, तेव्हा जुन्या पेटीत एक पितळी ओळंबा निघाला. धाकट्याचा. काम सुटलं त्या दिवशी राहून गेलेला.

रविवारी पाळकांनी दोरी भिंतीच्या वरच्या खिळ्याला बांधून ठेवली होती. बोलता बोलता त्यांनी हातातला ओळंबा सोडून दिला.

"हा डोलतोय तोवर माणसानं काय वाटेल ते बोलावं," ते म्हणाले, "थांबला की देव बोलतो."

मग मंडळीकडे तोंड करून ते गर्विष्ठ राजांवर घसरले. मिस्त्रींचं राजांकडे लक्ष नव्हतं. ओळंबा डोलत होता आणि त्यांना मनापासून वाटत होतं, डोलू दे, दुपारपर्यंत डोलू दे. तो थांबला. वर दोरी भिंतीला टेकलेली, खाली चार बोटं लांब. मिस्त्रींनी डावा डोळा मिटून पाहिलं. चारच.

इतर कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. गप्प बसलं असतं तर खपून गेलं असतं. पण नवी घंटा उद्या याच भिंतीवर चढायची होती आणि भिंतीखालच्या बाकांवर गाणारी पोरं बसली होती. नऊ वर्षं त्यांनी भावाला नाही, भिंतीला सांभाळलं होतं. याची त्यांना भयंकर लाज वाटली.

ते उभे राहिले. पाळक मध्येच थांबले.

"घंटा चढवू नका," मिस्त्री म्हणाले. "पोरांना आधी तिथून उठवा. भिंत वाकडी आहे. मी बांधलीय. धाकट्यानं तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. खाली तीन बोटांचा फरक पडलाय."

पोरं उठून बाजूला झाली. शेवटच्या बाकावरून धाकटा सावकाश पुढे आला, आपला ओळंबा त्यानं ओळखला, वाकला आणि खाली दोरी नि भिंतीच्या मध्ये बोटं लावून मोजली.

"तीन नाही, दादा. चार."

मिस्त्रींचा डावा डोळा सवयीनं मिटू लागला. त्यांनी तो उघडा ठेवला.

"चार तर चार," ते म्हणाले. "उद्या सकाळी ये. भिंत उतरवायचीय. आणि येताना तुझा हा ओळंबा घेऊन ये, माझ्याकडे नाही."