बर्नार्डची कंबर आणि आल्बिनाची बाटली

आखातातल्या हूरा नावाच्या वस्तीत एका हॉटेलचा दरवान बर्नार्ड एके दिवशी वाकला, तो वाकलेलाच राहिला. निमित्त झालं एका पाहुणीच्या बॅगेचं. आत काय भरलं होतं देव जाणे, जातं असावं! बर्नार्डने बॅग उचलायला हात घातला, कमरेत कट्कन वाजलं, आणि आमचा वसईचा उंचापुरा गडी काटकोनात अडकला. बरं, दुखत काही नव्हतं. फक्त सरळ होता येत नव्हतं.

कोणी म्हणेल, असल्या दरवानाला हॉटेलवाले घरी बसवतील. छे हो! पाहुण्यांना वाटलं, काय ही अदब! केवढं हे अगत्य! मोठमोठे शेख गाडीतून उतरून त्याचा खांदा थोपटायला लागले. इंटरनेटवर हॉटेलला ताऱ्यांवर तारे मिळायला लागले. मॅनेजर नजीबने जन्मात कुणापुढे मान तुकवली नव्हती, पण बर्नार्डची वाकलेली पाठ बघून त्याला भरून यायचं.

"बर्नार्ड भाई, ऐसेही रहना," तो म्हणाला. "सीधे आदमी तो बहुत मिलते हैं. सीधा हुआ, तो नीचे लाँड्री में!"

लाँड्रीला बर्नार्ड भीत नव्हता. त्याला रात्रंदिवस खात होतं ते वेगळंच. ईस्टरनंतर वसईत त्याच्या जोॲनचं लग्न होतं. एकुलती एक पोर. तिचा हात धरून तिला चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत न्यायचं, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून त्याने मनाशी धरलेलं. आता असा गेला तर त्याला लेकीची सँडल दिसणार, तोंड नाही. व्हिडिओ कॉलवर ती रोज म्हणायची, "डॅडी, वर बघ ना! नुसतं टक्कल दिसतंय." बर्नार्ड जमिनीकडे बघून हसायचा आणि फोन ठेवला की जमिनीकडे बघूनच रडायचा.

शेवटी आल्बिनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला हाताला धरून लिनबाईंकडे नेलं. या चिनी डॉक्टरीणबाई, मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत बसायच्या. दिसायला चिमणीएवढ्या, पण कोपर असं रुतवायच्या की बर्नार्डला सगळे संत नावानिशी आठवले. मग पाठीवर काचेचे पेले चिकटवले. पेले निघाले तेव्हा पाठीवर लालभडक गोल भाकऱ्या उठल्या होत्या. कंबर मात्र तसूभर हलली नाही. लिनबाईंनी लाल पुडीची पिशवी हातात दिली.

"सुबह-शाम, गरम पानी," त्या म्हणाल्या. "हड्डी ढीला करेगा. फिर सीधा. धीरे-धीरे!"

आता इथे घात झाला. वसईच्या बाईच्या घरात पूड म्हटली की ती बिअरच्या तपकिरी बाटलीतच जायची. उन्हाळ्यात कुटलेला बाटलीमसाला तसाच भरायचा, ठासून बूच मारायचं, म्हणजे ना उजेड लागतो ना हवा. आल्बिनाने चिनी औषधही तसंच भरलं आणि मसाल्याशेजारी मांडलं. चिठ्ठी? चिठ्ठी कशाला! बाईला आपली बाटली ओळखू येत नाही तर तिने चुलीपाशी उभंच राहू नये, असं तिची सासू म्हणायची. सासू गेली बिचारी, आणि आल्बिनाला सर्दी झाली होती.

तर बर्नार्ड सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यातून मसाला पीत राहिला. कानातून वाफा निघायच्या. "जबरी औषध आहे गं!" तो डोळे पुसत म्हणायचा. आल्बिनाला फार कौतुक वाटायचं.

रजेचं मात्र जमत नव्हतं. "सीझन में छुट्टी? मफी!" मफी म्हणजे अरबीत 'नाही', आणि नजीब बधेना. तेव्हा आल्बिनाने फर्मान काढलं, शुक्रवारी त्याला जेवायला बोलवा. पोटात शिरल्याशिवाय माणूस हाती लागत नाही. तिने मटण केलं. रंग चढेना म्हणून तिने पुडीचे चार चमचे आणखी टाकले. 'यंदाचा मसाला उतरला वाटतं,' ती मनात म्हणाली.

नजीब तुटून पडला. आल्बिना वाढत होती. बर्नार्डने ताटाला हातही लावला नव्हता.

"सर, माझी लेक आहे हो," तो ताटाकडे बघत म्हणाला. "एकच. प्लीज सर."

"मफी," नजीब नळी चोखत म्हणाला.

बर्नार्डचं डोकं फिरलं. त्याने समोरची बाटली उचलली आणि दोन चमचे पूड कोरडीच तोंडात टाकली. अशी शिंक आली, अशी शिंक आली, की भांडी खणखणली! कमरेत कडाड्कन वाजलं आणि बर्नार्ड उभा. सरळ, ताठ, खांबासारखा. कित्येक दिवसांनी त्याला बायकोचं तोंड दिसलं. "किती वाळलीस गं," तो म्हणाला, आणि आल्बिना पदर नसतानाही डोळ्याला पदर लावायला गेली.

"ये क्या किया!" नजीब ओरडला. "वापस झुको!" तो तावातावाने उठला, आणि उठता उठता मऊ झालेल्या मेणबत्तीसारखा वाकला. "लाँड्री में!" तो फरशीला म्हणाला.

आल्बिनाने दोन्ही बाटल्या हुंगल्या. सर्दी असूनही तिला कळलं. "देवा माझ्या! बाटल्या बदलल्या!" तिने लगबगीने मसाला पुढे केला. "नजीबभाई, ये खाओ. शिंक आयेगा, सीधा हो जायेगा."

नजीब घेणार होता. पण तेवढ्यात हॉटेलच्या मालकाचा फोन आला, वाकलेल्या दरवानाला बघायला खास पाहुणे येताहेत. नजीबने मसाल्याची बाटली परत सरकवली.

"भाभी," तो हळूच म्हणाला, "मटन बचा है?"

दुसऱ्या दिवसापासून दारात नजीब उभा. मालकाने त्याचा पगार वाढवला. बर्नार्डच्या रजेच्या अर्जावर नजीबने गुडघ्यावर कागद ठेवून सही केली.

वसईच्या चर्चमध्ये बर्नार्ड छाती काढून चालला. लेकीचा हात हातात, आणि तिच्या तोंडावरून नजर हलेना. जावयाच्या हाती तिचा हात दिला, आणि मग वेदीपुढे नमन करायची वेळ आली. आल्बिनाचा जीव टांगणीला लागला. तिने पर्समधली मसाल्याची पुडी घट्ट धरली.

बर्नार्ड वाकला. चांगला खालपर्यंत वाकला, आणि जरा जास्तच वेळ तसा राहिला.

"डॅडी?" जोॲन घाबरून पुटपुटली.

तो सावकाश वर आला. गालांवरून पाणी ओघळत होतं.

"डॅडी, रडतोस?"

"नाही गं बाय," बर्नार्ड म्हणाला. "तुझ्या आईच्या मसाल्याचा ठसका."