मोडलेली सुई बघायची नसते

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले, फटाके उडवले, आणि त्यानंतर पाऊस जो रुसला तो रुसलाच. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या बायका आल्या. पाणी तेवढं आलं नाही. गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात रत्नम्माची भरतकामाची मशीन मात्र दिवसभर खडखडायची. नवरा गेल्यापासून घर त्या मशीनवरच चालत होतं. घरात माणसं दोनच, ती आणि तिची सासू गंगम्मा.

त्या उन्हाळ्यात अडतवाल्या महादेवप्पांच्या घरून काम आलं. त्यांच्या सुनेचं, नीलम्माचं, पहिलं लेकरू पाळण्यातच गेलेलं. आता दुसरं झालं होतं, आणि सारं घर जीव मुठीत धरून बसलेलं. बारशाला कुंची आणायचा मान आत्याचा. म्हणून महादेवप्पांची लेक सुमनबाई उदगीरहून आली आणि रत्नम्माला सांगून गेली, की कुंची, अंगडं, दुपटं, सगळ्यावर सोनेरी कलाबतूची वेल पाहिजे आणि आत मऊ कापूस पाहिजे. ह्या लेकराला कशाकशाची म्हणून बाधा होता कामा नये, असंही बजावून गेली.

रत्नम्मानं हौसेनं कापड बेतलं आणि पहिल्याच वेलीला दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. दोरा का तुटतो हे शोधायची तिची रीत ठरलेली होती. सुईची सपाट बाजू नीट बसलीय का बघितलं. दोऱ्याचं टेन्शन ढिलं केलं. बॉबीन काढून झटकली, सुईखालच्या पट्टीत साचलेला कापूस ब्रशनं काढला. सुईचं नाक खरबरीत असलं तर दोरा पिंजतो, म्हणून नाकातून दोरा मागंपुढं ओढून बघितला. कशातच खोट नव्हती. शेवटी रीळ हातात घेतलं, तर दोरा तुरीच्या काडीसारखा वाळलेला. दरसाल रिळांची टोपली रांजणाच्या गारव्याला असायची. यंदा रांजणच ठणठणीत कोरडा. तिनं प्यायच्या तांब्यातलं थोडं पाणी फडक्यावर शिंपडलं आणि रिळं त्यात गुंडाळून ठेवली. माणसाला प्यायला न्हाई अन् हिच्या दोऱ्याला तहान लागली, असं गंगम्मा बोलायचं ते बोललीच. पण दोरा सुधारला.

आणि सुया मोडायला लागल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. दोऱ्यापायी गेलेला वेळ भरून काढायला रत्नम्मा घाई करत होती, सुई कापडात असतानाच कापड ताणून धरलेली रिंग ओढत होती. त्यात अस्तर, कापूस, वर जाड कलाबतू, आणि सुई बारीक. ती वाकायची, खालच्या पोलादी पट्टीवर आपटायची आणि कट्कन जायची.

आता मोडलेली सुई बघायची नसते. लेकराच्या कपड्यावर मोडलेली तर नाहीच नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यातून ती लेकराला लागते, असं गंगम्माच्या माहेरी, निलंग्याकडं, सगळे मानायचे. आवाज आला की म्हातारी धावत यायची, रत्नम्माचं तोंड भिंतीकडं करायची, स्वतःही मान वळवायची आणि हातानं चाचपून तुकडे गोळा करायची. चिंधीत मिठाबरोबर बांधून ते बोळाच्या पलीकडं भिरकावून यायची. पुन्हा मोडली, पुन्हा तेच.

रत्नम्माला मशीन शिकवणाऱ्या खाजासाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं, की सुई मोडली तर तुकडे जोडून बघायचे, नाक आणि टोक सगळं हाती आलं तरच पुढं पाय मारायचा. हे ती विसरली होती का? छे! चांगलं ध्यानात होतं. पण नीलम्माचं पहिलं लेकरूही ध्यानात होतं. आपल्या नजरेनं काही झालं तर? भीती मनात शिरली की शहाणपण मागच्या दारानं जातं. सासूनं मान धरून वळवायच्या आधीच ती स्वतः भिंतीकडं वळायला लागली. नंतर जाड सुई घातली, हात सावकाश चालवला, वेल पुरी झाली. इस्त्री करून कपडे सुमनबाईच्या हवाली केले तेव्हा तिला मोकळं वाटलं.

बारशाच्या सकाळी तेल घालायला तिनं मशीनची पट्टी उघडली. खाली शटलजवळच्या कापसात सुईचा एक तुकडा अडकलेला होता. अर्धं नाक होतं, त्याच्या खालचं टोक नव्हतं.

तिनं सगळा कापूस नखानं विंचरून काढला, मशीन आडवी करून झटकली. टोक नव्हतंच. चिंधीत काय काय बांधलं होतं, म्हणून तिनं गंगम्माला विचारलं. म्हातारी चिडली. जे बघायचंच न्हाई ते मोजायचं कसं, म्हणाली. टोक लेकराच्या कपड्यातच राहिलं असलं तर? रत्नम्मा तशीच पायात चपला न घालता निघाली.

महादेवप्पांच्या घरी बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. पाळणा सजला होता. लेकरू सुमनबाईच्या मांडीवर, कुंची घालून, अंगात ते अंगडं, भोवती ते दुपटं, आणि टाहो फोडून रडत होतं. सकाळपासून असंच रडायलंय, कुणाची तरी दृष्ट लागली, असं बायका म्हणत होत्या; मीठमोहऱ्या उतरून झाल्या होत्या. सुमनबाई कुंचीवरून थोपटत होती. एकेका थोपटीला रत्नम्माचा जीव वरखाली होत होता. वाकून ती हळूच म्हणाली की एक टाका राहिलाय, घटकाभर कुंची द्या. सुमनबाई हसली. आत्याची कुंची बारशाच्या दिवशी कुणी उतरवतं का, म्हणाली, आणि बंद जरा आवळून बांधला.

भरल्या घरात, असल्या दिवशी, मोडलेल्या सुईचं नाव काढायचं म्हणजे उद्यापासून लातुरात कुणी तिच्या दारात कापड घेऊन येणार नव्हतं. रत्नम्माला ते कळत होतं. सुमनबाईनं पुन्हा थोपटलं.

"कुंची काढा," रत्नम्मा म्हणाली. "आत सुईचं टोक राहिलंय."

सुमनबाईचा चेहरा उतरला.

"काय बोलायलीस तू? आज? ह्या घरात?"

नीलम्माची थोरली जाऊ पुढं आली आणि रत्नम्माचं बखोट धरून तिला उंबऱ्याकडं ओढायला लागली. पण नीलम्मा बाजेवरून उठली होती. ओली बाळंतीण, भिंतीला धरत आली, नणंदेच्या मांडीवरून लेकरू उचललं आणि बंद सोडला. कुंचीत हात घालून ती मानेकडचा कापूस बोटांनी दाबत गेली. एका जागी तिनं हात झटकला. बोटावर रक्त आलं होतं. अस्तरातून चमकतं, राईएवढं टोक वर आलं होतं, आणि लेकराच्या मानेवर लाल रेघ उठली होती.

जाऊबाईनं बखोट सोडलं. नीलम्मानं टोक ओढून काढलं, रत्नम्माच्या तळहातावर ठेवलं. लेकरू रडायचं थांबलं नव्हतं.

"एवढंच होतं का?" नीलम्मानं विचारलं.

रत्नम्मानं तोंड उघडलं. मोडलेली सुई काही एकच नव्हती. कुठली कुंचीवर मोडली, कुठली अंगड्यावर, कुठली दुपट्यावर, तेही आता आठवत नव्हतं.

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "आम्ही बघितलंच न्हाई."

नीलम्मानं अंगडं काढलं. दुपटं बाजूला फेकलं. उघड्या, रडून लालबुंद झालेल्या लेकराला मांडीवर पालथं घातलं आणि मानेपासून खाली, तसूतसूनं, बोटांनी चाचपत निघाली.